विस्तव एका हातात, दारू कमरेला: तोड्याची बंदूक सांभाळायची कशी?

शिवजयंतीच्या मिरवणुकीत, किल्ल्यावरच्या सोहळ्यात किंवा एखाद्या शस्त्रप्रदर्शनात लांब नळीची जुनी बंदूक दिसली की बघणाऱ्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. ही अजून उडते का? आणि हिच्यानं शिकार होत असेल का? दुसरीकडे कोकणातून, पालघरकडून अधूनमधून बातमी येते की रात्री शिकारीला गेलेल्या टोळीतलाच एक जण रानडुक्कर समजून झाडलेल्या गोळीनं गेला. एकीकडे बंदूक शोभेची वस्तू वाटते, दुसरीकडे घरातलं एक अवजार. ठासणीची, जुन्या धाटणीची बंदूक म्हणजे फारसं काही नाही, हा समज मात्र दोन्हीकडे सारखाच आहे आणि तो जिवावर बेततो. म्हणून या घराण्यातली सगळ्यात जुनी बंदूक कशी चालते, जगात जिथे ती कायदेशीरपणे उडवली जाते तिथे ती कशी हाताळतात आणि आपल्याकडे कायदा काय म्हणतो, हे नीट समजून घेऊ.

## एक विस्तव, दोन ठिकाणची दारू

तोंडाकडून दारू आणि गोळी गजानं ठासून भरायची, ती ठासणीची बंदूक. त्यातली पहिली तोड्याची. मग चकमकीची आली, एकोणिसाव्या शतकात घोड्याच्या ठोक्यानं भडकणाऱ्या टोपीची आली आणि त्यानंतर काडतुसांनी ठासणीचं काम जवळजवळ संपवलं.

रचना साधी असते. लोखंडी नळी, मागचं टोक बंद. त्या टोकाजवळ बाजूला एक बारीक भोक असतं, त्याला कान म्हणतात. कानाबाहेर एक लहान वाटी आणि तिच्यावर सरकतं झाकण. वाटीत चिमूटभर बारीक दारू घालतात, ती रंजक. नळीच्या पोटात असतो तो मुख्य बार, म्हणजे जाडसर दारू आणि तिच्यावर शिशाची गोळी. वाटीसमोर एक वाकडा लोखंडी घोडा, आणि त्याच्या ओठांत धरलेली जळती दोरी म्हणजे तोडा. चाप ओढला की घोडा वाटीत झुकतो, रंजक भडकते, ज्वाळा कानातून आत शिरते आणि बार उडतो.

तोडा म्हणजे सुताची किंवा तागाची दोरी, सोऱ्याच्या (पोटॅशियम नायट्रेट या क्षाराच्या) पाण्यात भिजवून वाळवलेली. ती उदबत्तीसारखी जळते. ज्वाळा नाही, टोकाला फक्त निखारा आणि त्यावर राखेचं टोपण. दोरी आणि सोरा कसा आहे त्यावर तासाला काही इंचांपासून फूटभरापर्यंत ती सरकत जाते. म्हणजे बंदूकवाला उभा आहे तोवर त्याच्याजवळ विस्तव आहे, आणि त्याच वेळी त्याच्या कमरेला दारू आहे. दुसऱ्या कुठल्याही बंदुकीत असं नसतं. चकमकीची ठिणगी किंवा टोपीचा भडका चाप ओढल्यावर जन्माला येतो. तोड्याचा विस्तव आधीपासून तिथेच असतो.

आता दारूविषयी. सोरा, गंधक आणि कोळसा यांची ही काळी दारू. आधुनिक काडतुसातली धूरविरहित दारू उघड्यावर पेटली तर बहुधा नुसती जळते. काळ्या दारूचं तसं नाही. तिला एक ठिणगी पुरते, उघड्यावरही तिचा भडका क्षणात होतो, आणि डब्यात किंवा दारू ठेवायच्या शिंगात कोंडलेली असेल तर स्फोट होतो.

एवढं ध्यानात आलं की तोड्याच्या बंदुकीचा प्रत्येक नियम आपोआप उलगडतो. विस्तव आणि दारू यांची गाठ एकाच क्षणी, एकाच जागी, त्या वाटीतच पडली पाहिजे. त्याआधी कुठेही नाही.

## भरताना तोडा कुठे असतो?

१६०७ साली नेदरलँड्समध्ये याकोब द खाइन या चित्रकारानं बंदूकधारी शिपायांच्या कवायतीची चित्रमालिका छापली. त्यातला शिपाई बार उडवल्याबरोबर पहिलं काम करतो ते तोडा घोड्यातून काढून डाव्या हाताच्या बोटांत धरण्याचं. पुढची सगळी भरणी होते तेव्हा जळतं टोक अंगापासून आणि दारूपासून लांब असतं. अगदी शेवटी, झाकण बंद आहे याची खात्री झाल्यावर, तोडा घोड्यात परत बसतो. हा क्रम शिपायांच्या हाडीमाशी खिळवावा लागला, कारण रांगेत खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या प्रत्येकाजवळ दारू आणि विस्तव दोन्ही होतं. एकाची चूक दहा जणांना भोवायची.

आजच्या नेमबाजी मैदानांवर याहून कडक पाळतात. दारूचा मोठा डबा गोळीबाराच्या रेषेवर येऊच देत नाहीत. प्रत्येक बाराची दारू घरूनच मोजून लहान नळ्यांत भरून आणायची. शिंगातून किंवा बुधलीतून थेट नळीत ओतायला सक्त मनाई असते. कारण साधं आहे. मागच्या बाराचा एखादा धुमसता कण नळीच्या तळाशी राहिला असेल तर ओतता ओतता दारू पेटते. मोजकी नळी असेल तर हात भाजतो. भरलेली बुधली असेल तर हातच जातो. म्हणून दोन बारांमध्ये थोडं थांबायचं, नळीत फडकं फिरवायचं, आणि भरताना चेहरा कधीही नळीच्या तोंडावर आणायचा नाही.

बार उडवण्याआधीचा क्षण जवळून बघण्यासारखा आहे. वाटीत रंजक घातली, झाकण सरकवलं. आता झाकणाच्या कडेला, बिजागरीच्या खाचेत, नळी आणि लाकूड यांच्या फटीत दोन-चार दाणे अडकलेले असतात. ते फुंकून किंवा झटकून टाकावेच लागतात, नाहीतर झाकण बंद असूनही विस्तवाला आत जायची वाट मिळते. मग तोडा फुंकायचा, म्हणजे राख उडून निखारा लाल होतो. पण फुंकताना ठिणग्याही उडतात. म्हणून मुरलेला माणूस झाकणावर दोन बोटं दाबून ठेवतो, तोंड बाजूला वळवतो आणि मग फुंकतो. झाकण उघडायचं ते नेम धरायच्या वेळी, नळी लक्ष्याकडे असताना.

घोड्याची चालही सगळीकडे सारखी नसते. हिंदुस्थानी तोडेदार बंदुकीत घोडा दस्त्यातल्या खाचेतून, चाप जितका ओढाल तितकाच वाटीकडे येतो. जपानी बंदुकीत तो कमानीच्या (स्प्रिंगच्या) जोरावर झटक्यानं पडतो. झटक्याच्या घोड्यानं नेम कमी हलतो, पण धक्का लागून तो अवचित पडण्याची शक्यता असते. गोव्यात पोर्तुगीज काळात बनणाऱ्या बंदुकाही याच झटक्याच्या घराण्यातल्या, आणि १५४३ साली तानेगाशिमा बेटावर उतरलेल्या पोर्तुगीजांबरोबर ही तऱ्हा जपानला पोचली.

## गोळी दारूवर टेकली की नाही?

तोड्याशी संबंध नसलेला, पण ठासणीच्या प्रत्येक बंदुकीला लागू असलेला हा धोका आहे आणि तो फार कमी लोकांना ठाऊक असतो. गोळी दारूवर घट्ट टेकलेली हवी. मध्येच अडकली आणि खाली मोकळी जागा राहिली, तर दाब त्या जागी एकदम चढतो आणि नळी फुगते किंवा फुटते. फुटलेल्या नळीचे तुकडे जातात ते धरणाऱ्याच्या डाव्या हातात आणि शेजाऱ्याच्या अंगात.

दुसरी चूक दुहेरी बाराची. एकदा भरलेलं विसरून पुन्हा दारू आणि गोळी घालणं. गोंगाटात, घाईत, गप्पांच्या नादात हे सहज घडतं. दोन्हींवर उपाय एकच आहे, गजावरची खूण. रिकाम्या नळीत गज तळाला टेकवून तोंडाशी एक रेघ करायची आणि योग्य बार भरल्यावर दुसरी. मग केव्हाही गज घालून बघितलं की कळतं, नळी रिकामी आहे, बरोबर भरली आहे की गडबड आहे. बिनखर्चाची ही रेघ मला या सगळ्या सामानात सगळ्यात मोलाची वाटते.

काळ्या दारूच्या बंदुकीत काडतुसातली आधुनिक दारू घालणं हा तर जीव देण्याचाच प्रकार. तिचा दाब या नळ्यांना पेलत नाही, मग ती अगदी चमचाभर का असेना.

## चाप ओढला आणि काहीच झालं नाही, तर?

कधी रंजक भुस्सकन उडून जाते आणि आतला बार तसाच राहतो. नवखा माणूस लगेच बंदूक खाली आणतो, वळवतो, कानात डोकावतो. नेमकं हेच करायचं नाही. कानात एखादा कण धुमसत असेल तर काही सेकंदांनीही बार उडू शकतो. म्हणून नळी लक्ष्याकडेच धरून ठेवायची आणि निदान एक मिनिट थांबायचं. तोडा घोड्यातून काढून दूर करायचा. मग सुईनं कान मोकळा करायचा, ताजी रंजक घालायची आणि पुन्हा प्रयत्न करायचा. जुन्या हिंदुस्थानी बंदुकांना साखळीनं लटकवलेली जी सुई दिसते, ती याच कामाची. तरीही उडला नाही तर आतली दारू पाण्यानं मारून बार काढून घेतात, आणि ते काम जाणत्याचं.

बार उडतो तेव्हा कानातून ज्वाळेची एक पिचकारी बाजूला जाते. बहुतेक बंदुकांचा कान उजवीकडे असतो, त्यामुळे उजव्या बाजूचा माणूस हातभर नव्हे, चांगला लांब हवा. डोळ्यांना चष्मा आणि कानांना संरक्षण तर हवंच. ढगळ बाह्या, सुटे केस, खिशात उघडी रंजक, जवळ पेटलेली विडी, यातलं काहीही चालत नाही.

## इतकी जुनी, म्हणजे कमजोरच ना?

नाही. ऑस्ट्रियात ग्राट्स शहरात एक जुनं शस्त्रागार आजही जपलेलं आहे. १९८८-८९ मध्ये तिथल्या सोळाव्या ते अठराव्या शतकातल्या बंदुका पक्क्या चौकटीवर बांधून, यंत्रं लावून उडवून बघितल्या. गोळ्या सुमारे ४५० मीटर प्रति सेकंद या वेगानं बाहेर पडल्या, म्हणजे आवाजापेक्षा बऱ्याच जोरात. उणीव होती ती नेमाची. गुळगुळीत नळीतून निघालेली गोल गोळी भरकटते. त्यामुळे नेम पन्नासेक मीटरचाच धरतात, पण चुकलेली गोळी त्याच्या पुढे शेकडो मीटर जाते आणि तिथे कोण आहे हे तिला ठाऊक नसतं. लक्ष्यामागे मातीचा बंधारा किंवा टेकाड नसेल तर बार करायचाच नाही, हा नियम जुन्या बंदुकीला नव्याइतकाच लागू आहे.

नळी किती टिकाऊ, हा वेगळा प्रश्न. अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फजल लिहितो की पूर्वी लोखंडाच्या पत्र्याच्या कडा नुसत्या जोडून नळ्या करत, त्या जास्त दारू सोसत नसत, आणि अकबराच्या कारखान्यात पत्रा तिरका गुंडाळून, पदर चढवून नळी करू लागले तेव्हा ती मजबूत झाली. पण ते लोखंड आता चारशे वर्षांचं आहे. सांध्यात गंज कुठवर गेला आहे, हे वरून दिसत नाही. म्हणून जे लोक या बंदुका हौसेनं उडवतात, त्यातले बरेच जण आजच्या पोलादाची, सरकारमान्य चाचणीगृहात जादा दाबानं तपासलेली प्रतिकृती वापरतात. बर्मिंगहॅमचं असं चाचणीगृह १८१३ पासून चालू आहे.

स्पर्धाही होतात. ठासणीच्या नेमबाजांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धांत तोड्याच्या बंदुकीचा एक प्रकार 'तानेगाशिमा' नावाचा आहे. पन्नास मीटर अंतर, उभं राहून नेम, तीस मिनिटांत तेरा बार आणि त्यातले उत्तम दहा धरायचे. म्हणजे एका बाराला दोन मिनिटांहून जास्त. घाई करणाऱ्याला बक्षीस नाही, हे मला फार आवडतं.

## आणि शिकार?

इतिहासात तोड्याच्या बंदुकीनं शिकार भरपूर झाली. अकबराच्या 'संग्राम' या आवडत्या बंदुकीनं १,०१९ जनावरं पडल्याचा हिशेब अबुल फजलानं नोंदवला आहे. चितोडच्या वेढ्यात किल्ला लढवणारा सेनानी जयमल पडला तो याच बंदुकीनं, असंही तो सांगतो. जपानमध्ये तर शांततेच्या काळात गावोगावच्या शेतकऱ्यांकडे तोड्याच्या बंदुका होत्या, त्या रानडुकरं आणि हरणं शेतातून हुसकावण्यासाठी. १६८७ मध्ये शोगुन (लष्करी शासक) त्सुनायोशीनं गावांतल्या बंदुकांची मोजदाद करून त्यांच्यावर बंधनं घातली, तरी पिकं राखायला आवाजाच्या बाराची सवलत ठेवावी लागली. रानडुकराचा त्रास आणि बंदुकीचा परवाना, ही जोडी आपल्या कोकणाइतकीच तिथेही जुनी आहे.

पण शिकारीला ही बंदूक अडचणीची. जळत्या तोड्याचा वास वाऱ्यावर जनावरापर्यंत जातो. अंधारात निखारा दिसतो. पावसात आणि दमट हवेत रंजक मऊ पडते. तोडा जळत जातो, त्यामुळे दर थोड्या वेळानं तो घोड्यात पुढे सरकवून टोक बरोबर वाटीत पडतंय ना हे बघावं लागतं. बार एकच. चुकला तर दुसरा भरेपर्यंत जनावर पसार, आणि जखमी झालं असेल तर यातना वेगळ्याच. म्हणून या बंदुकीचा प्रामाणिक शिकारी एका जागी दबा धरून बसतो, चाळीस-पन्नास मीटरच्या आत, जनावर पूर्ण ओळखू येईल तेव्हाच चापाला बोट लावतो. चालताना, कुंपण ओलांडताना, झाडावरच्या मचाणात चढताना तोडा घोड्यात ठेवत नाहीत आणि वाटीतली रंजक झटकून टाकतात. सावली हलली म्हणून बार टाकणं हे कुठल्याही बंदुकीनं खुनाच्या जवळ जाणारं कृत्य आहे. टोळीतलाच माणूस गेल्याच्या बातम्यांत बंदूक कुठली होती हे दुय्यम असतं. अंधार होता आणि जनावर ओळखलेलं नव्हतं, हे मुख्य.

अमेरिकेत ठासणीच्या बंदुकांचा शिकारीचा वेगळा हंगाम बऱ्याच राज्यांत असतो, पण प्रत्येक राज्याचा नियम निराळा. पेन्सिल्व्हेनियात नाताळनंतरच्या हंगामात चकमकीचीच चालते, तोड्याची नाही. जर्मनीत तोड्याची एकनळी ठासणीची बंदूक प्रौढ माणसाला परवान्याशिवाय घेता येते, पण काळी दारू मिळवायला प्रशिक्षण घेऊन वेगळा परवाना काढावा लागतो. खरा धोका कुठे आहे, हे त्या कायद्यानं बरोबर ओळखलं आहे.

## मग आपल्याकडे का नको?

भारतात छंद म्हणून शिकार बंद आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ यानुसार अनुसूचीतल्या प्राण्यांची शिकार गुन्हा आहे, मग हत्यार तोड्याचं असो, टोपीचं असो की फासा असो. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरासारख्या प्राण्याबाबत त्याच कायद्याच्या ११ व्या कलमाखाली वन अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतात. ती त्या जागेपुरती आणि त्या अटींपुरती असते.

'माझ्याकडे शेतीसंरक्षणाचा परवाना आहे की,' हा आक्षेप गावात नेहमी ऐकू येतो. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद खरोखरच आहे. पण तो परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, जनावर मारण्याचा नाही. हे दोन वेगळे कागद आहेत आणि दोन वेगळ्या खात्यांचे आहेत. कर्नाटकात कोडगूतल्या कोडवा समाजाला बंदूक परवान्यातून मिळालेली सवलतही, जी २०२९ पर्यंत वाढवली आहे, ती बाळगण्यापुरतीच. जंगलात शिकारीची मोकळीक त्यांनाही नाही.

## नुसता आवाजाचा बार काढला तर?

सोहळ्यांत गोळी नसते, म्हणून धोका नाही असं धरलं जातं. गोळी नसली तरी नळीच्या तोंडातून ज्वाळा, जळते कण आणि ठासलेला बोळा बाहेर येतोच. जपानमध्ये योनेझावासारख्या ठिकाणी तोड्याच्या बंदुकांची प्रात्यक्षिकं होतात, ती प्रेक्षकांना मागे रोखून, रांगेच्या एका प्रमुखाच्या हुकमावर. आवाजाच्या बारात सगळ्यात भयंकर चूक म्हणजे गज नळीत विसरणं. मग तो भाल्यासारखा सुटतो. यावर बऱ्याच मंडळांचा नियम असा की बिनगोळीच्या बाराला गज वापरायचाच नाही, दारू ओतायची आणि बुड आपटून खाली बसवायची. आपल्याकडे असा कार्यक्रम करायचा तर बंदूक, दारू आणि जागा तिन्हींची परवानगी आधी लागते. आणि कार्यक्रम संपल्यावर तोडा पायाखाली चिरडून भागत नाही. आत निखारा धुमसत राहतो. तो पाण्याच्या बादलीत बुडवावा लागतो.

## वाड्याच्या माळ्यावर सापडलेली बंदूक

हा प्रसंग अनेक जुन्या घरांत येतो. माळा आवरताना पोत्यात गुंडाळलेली बंदूक हाती लागते. मुलं ती एकमेकांवर रोखून फोटो काढतात. इथे सांगायची गोष्ट एकच: ती भरलेली असू शकते. काळी दारू कोरडी राहिली तर पिढ्यान्‌पिढ्या जिवंत राहते. पणजोबांनी चोरांच्या भीतीनं भरून ठेवलेला बार अजून तिथेच असेल.

तपासायची सोपी रीत आहे. नळीचं तोंड भिंतीकडे, माणसांपासून दूर. एक सरळ लाकडी काठी हलक्या हातानं आत टेकेपर्यंत सरकवायची, तोंडाशी खूण करायची, बाहेर काढून नळीशेजारी धरायची. टोक कानापाशी पोचत असेल तर नळी बहुधा रिकामी. कानाच्या अलीकडेच थांबत असेल तर आत काहीतरी आहे. ते खरवडून काढायचं नाही, ठोकायचं नाही, तापवायचं तर मुळीच नाही. बंदूक जिथे आहे तिथेच राहू द्यायची, मुलांना खोलीबाहेर काढायचं आणि पोलीस ठाण्याला कळवायचं. पुरातन किंवा निकामी झालेल्या हत्यारांना शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात सूट आहे, पण आपली बंदूक त्यात बसते की नाही, हे आपण घरबसल्या ठरवायचं नसतं. परवान्याचा जुना कागद घरात असेल तर तो शोधून सोबत न्यावा.